लोणीच्या धुरातल्या दोन सऱ्या

पुण्याहून सोलापूरला जायला चार आसनांचं विमान लागत नाही. रेल्वे आहे, एसटी आहे आणि हमरस्ता इतका सुधारला आहे की भिगवणला माशाचं जेवण करूनही माणूस दुपारच्या झोपेला सोलापुरात पोहोचतो. तरीही संक्रांतीला आम्ही चौघं विमानाने गेलो. परत आल्यापासून नारायण पेठेत मला दोनच प्रश्न विचारले जातात. भीती वाटली का, आणि खिडकी उघडते का. खिडकी उघडते. भीतीबद्दल पुढे लिहिते.

नारायण पेठ

प्रवासाचं कारण एक खोका होता. साड्यांच्या दुकानात मिळतो तसा, चपटा आणि रुंद. त्याच्या आत कापसावर हलव्याचे दागिने होते: मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा, हार आणि एक बासरी. ते माझ्या शेजारी राहणाऱ्या सुलभाताई बेहेरे यांनी केले होते. सुलभाताई बँकेतून निवृत्त झाल्या आहेत. पौष लागला की त्यांच्या स्वयंपाकघरात पंखा बंद होतो, परात मंद शेगडीवर चढते आणि खसखशीच्या दाण्यांवर चमच्या-चमच्याने पाक पडू लागतो. बोटांनी दाणे सतत फिरवत राहिलं की त्यांच्यावर साखरेचा काटा उभा राहतो. तो काटा हेच हलव्याचं सौंदर्य, आणि तोच सगळ्यात आधी मोडतो.

सुलभाताईंची मुलगी सोलापुरात दिली आहे. रिवाजाप्रमाणे पहिल्या संक्रांतीचे दागिने सासरकडून येतात. पण लग्नाच्या बैठकीत सुलभाताईंनीच जाहीर केलं होतं की घरात हात असताना विकतचे कशाला, दागिने मी पाठवीन. पाठवले. मोटारीने गेले आणि पोहोचले तेव्हा खोक्यात मणी वेगळे, दोरा वेगळा आणि तळाशी पांढरी पूड होती. विहीणबाई महानंदाबाईंचा त्याच संध्याकाळी फोन आला. "साखर पोचली बघा. चहाला झाली."

सुलभाताई हे वाक्य दोन वर्षं विसरल्या नव्हत्या. आता नातवाचं बोरन्हाण होतं. मुलाला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवायचं, डोक्यावरून बोरं, उसाचे तुकडे आणि चुरमुरे ओतायचे, ते जमलेल्या पोरांनी लुटायचे. या वेळी दागिने अखंड पोहोचले नाहीत तर पुढच्या सगळ्या संक्रांतींना चहाचा उल्लेख होणार, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही.

विमानाची कल्पना बापूंची. लोणी काळभोरचे बापू, रोपवाटिका आणि मंगल कार्यालयाचे मालक. त्यांच्या नातवाचे दागिनेही सुलभाताईंनीच केले होते. ज्या वयात माणसं गुडघ्याचा पट्टा घेतात त्या वयात बापूंनी तीन मित्रांबरोबर विमान घेतलं. विमान चालवायला अर्थातच पगारी वैमानिक आहे. खोक्याची गोष्ट ऐकून बापू सुलभाताईंना म्हणाले, "ताई, रस्त्यानं खड्डं हायत. वर खड्डं न्हाईत. आमच्या विमानानं चला."

सुलभाताई "बघू" म्हणाल्या. पेठेत याचा अर्थ नाही असा होतो. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "तू येशील का बरोबर? काही झालं तर लिहायला कोणीतरी हवं."

लोहगाव

विमानतळावर आमची पहिली गाठ पडली ती वजनकाट्याशी. कॅप्टन रोहिणी राऊत, बापूंच्या विमानाच्या वैमानिक, मूळच्या अमरावतीच्या, आता हडपसरला राहतात. वय चाळिशीचं, बोलणं मोजकं. त्यांनी प्रत्येकाला वजन विचारलं आणि उत्तर ऐकल्यावर शांतपणे काटा पुढे सरकवला. सुलभाताईंचं उत्तर आणि काट्याचं उत्तर जुळलं नाही.

"साडीचं वजन धरलंय तुम्ही," सुलभाताई म्हणाल्या.

"साडी इथेच ठेवून येणार आहात का काकू?"

खोकाही काट्यावर चढला. त्यानंतर तो सुरक्षा तपासणीच्या यंत्रातून गेला. पडद्यावर काटेरी मुकुट दिसताच तिथल्या जवानाने सहकाऱ्याला हाक मारली, त्याने आणखी एकाला. तिघांनी तो पाहिला. "माँजी, कौन से मंदिर का है?" एकाने विचारलं. सुलभाताईंनी "नाती का है, मेरा नातू," असं सांगितलं. त्यांचं समाधान झालं असावं, कारण खोका दोन्ही हातांनी, देवाची मूर्ती उचलावी तसा उचलून परत देण्यात आला.

विमान लहान होतं. पुढे दोघं, मागे दोघं. पुढे कॅप्टन आणि बापू, मागे मी आणि सुलभाताई, आणि त्यांच्या मांडीवर खोका. बापूंच्या पायाशी भडंगाची मोठी पिशवी होती, सोलापूरच्या मंडळींसाठी. आम्ही धावपट्टीच्या तोंडाशी आलो आणि थांबलो. आमच्या आधी एक प्रवासी विमान धावलं आणि उडालं. धावपट्टी रिकामी झाली. आम्ही थांबलेलेच.

बापूंना रिकामा रस्ता सोसत नाही. "मॅडम, म्होरं मोकळं हाय की. जाऊ द्या."

"मोकळं नाही."

"कोण हाय?"

"आत्ता गेलं ना, त्याची हवा आहे." मागे वळून न पाहता कॅप्टनने आम्हा तिघांना समजावलं. विमानाचे पंख हवा खाली ढकलतात म्हणून ते उडतं. पंखांच्या टोकांशी खालची हवा वर उसळी घेते आणि दोन्ही टोकांमागे एकेक आडवा भोवरा सुटतो. विमान निघून जातं, भोवरे मागे राहतात. ते हळूहळू खाली उतरतात, वाऱ्याबरोबर सरकतात आणि मग विरतात. मोठ्या विमानाच्या भोवऱ्यात लहान विमान शिरलं तर ते एका कुशीवर पडू शकतं, उलटंही होऊ शकतं.

"म्हणजे वर खड्डे आहेत," सुलभाताई बापूंच्या पाठीकडे पाहत म्हणाल्या.

"आहेत," कॅप्टन म्हणाल्या. "फक्त त्यासाठी महापालिकेला पत्र लिहिता येत नाही."

बापूंनी वर पाहिलं. "दिसत तर काय न्हाय."

"दिसले असते तर थांबले कशाला असते? वळसा घातला असता."

"पण आज हवा किती छान आहे," मी म्हटलं. खरोखरच पान हलत नव्हतं. कडेचा, वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा काठीला चिकटून लोंबत होता.

"तेच वाईट आहे. जोराचा वारा असला की भोवरे लवकर मोडतात. हवा निजलेली असली की तेही निवांत पडून राहतात."

हे ऐकल्यावर सुलभाताईंनी खोक्याभोवतीचा हात घट्ट केला. पुण्याच्या हवेची त्या आयुष्यभर स्तुती करत आल्या आहेत. त्या सकाळी पहिल्यांदाच तिच्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

परवानगी मिळाल्यावर आम्ही निघालो. कॅप्टनने विमान लवकर उचललं. मोठं विमान जिथून वर उठलं त्याच्या बऱ्याच अलीकडे. मग त्याच्या वाटेवरून बाजूला वळल्या. भोवरे त्याने जमीन सोडली तिथून पुढे सुरू होतात, त्याच्या आधी वर जायचं आणि त्याच्या वाटेखाली सापडायचं नाही. नियम साधा होता. हे सगळं न दिसणाऱ्या गोष्टीसाठी चाललं होतं, आणि बापूंना ते पटत नव्हतं हे त्यांच्या मानेवरून कळत होतं.

लोणी काळभोर

वरून पुण्याचा पूर्वेकडचा भाग गावासारखा दिसत नाही. हडपसरच्या काचेच्या इमारती, मग गोदामांची निळी छपरं, मग अचानक उसाचे हिरवे तुकडे. नदी आणि कालवा बारीक दोऱ्यासारखे. दूरच्या वीटभट्टीचा धूर सरळ वर जात होता आणि एका उंचीवर कोणीतरी हात ठेवल्यासारखा आडवा पसरत होता.

लोणी जवळ आली तेव्हा बापू खिडकीला चिकटले. हा प्रवास त्यांच्या मनात सोलापूरचा नव्हता, लोणीचा होता, हे तेव्हा उघड झालं. गावात त्यांनी सांगून ठेवलं होतं की आज मी डोक्यावरून जाणार. घरची मंडळी मंगल कार्यालयाच्या गच्चीवर पांढरी चादर घेऊन उभी होती. वरून नेमकं शेत ओळखू यावं म्हणून बापूंनी पुतण्याला तोडणी झालेल्या उसाच्या रानातलं वाळलेलं पाचट पेटवायला सांगितलं होतं.

पुतण्याने कामात कसूर केली नव्हती. थंडीच्या निजलेल्या हवेत तो धूर वर गेला, वीटभट्टीच्या धुराच्याच उंचीवर अडला आणि चादरीसारखा पसरला. शेत, गच्ची, कार्यालय, मंडळी, सगळं त्याच्याखाली.

"गच्ची कुठं गेली?" बापू म्हणाले.

"तुमच्या धुराखाली," सुलभाताई म्हणाल्या.

"मॅडम, जरा खाली घ्या की. येक फेरी. पोरं वाट बघत असतील."

कॅप्टन रेडिओ ऐकत होत्या. लोहगावला उतरायला येणारं एक प्रवासी विमान आमच्या पुढून, डावीकडून उजवीकडे, आमच्याहून बरंच वरून जाणार होतं. नियंत्रकाने त्याच्या मागच्या खवळलेल्या हवेपासून सावध राहायला सांगितलं. थोड्या वेळाने ते दिसलं. लांबट, पांढरं, चाकं अजून पोटात. ते आरामात आमच्यासमोरून वरच्या वर गेलं. कॅप्टनने पुढच्या काचेवर बोटाने एक आडवी रेघ ओढली, ते गेलं तिथून. काचेवर बोटाचा ठसा उमटला, बाकी काही नाही.

"ही भिंत. हिच्या खालून जायचं नाही."

"हे कुठल्या यंत्रावर दिसतं?" मी विचारलं.

"या विमानात? कुठल्याच नाही. मोठं विमान कुठून गेलं आणि वारा कुठून आहे, एवढं धरून ठेवायचं. बाकी अंदाज."

"अंदाजाला घाबरून पोरास्नी उन्हात हुबं करायचं?" बापू म्हणाले. "मॅडम, त्यो गेला बी. आता काय हाय तितं? निसती हवा. घ्या खाली."

विमान बापूंचं होतं आणि कॅप्टनचा पगारही. मागच्या आसनावर सुलभाताईंनी माझा दंड धरला. त्यांच्या मांडीवर दोन वर्षांची पत होती आणि पुढच्या आसनावर चादर हलवणाऱ्या मंडळींचा मालक.

"बापू," कॅप्टन म्हणाल्या, "धुराकडे बघून राहा जरा."

आम्ही सगळ्यांनीच पाहिलं. धुराचा थर आमच्यापुढे, किंचित खाली, साईसारखा सपाट होता. आधी काहीच झालं नाही. मग त्याच्यावर एक लांब खाच पडली. तिच्या शेजारी दुसरी. दोन्ही समांतर, मोठं विमान गेलं त्याच दिशेने, मैलभर तरी. खाचा खोल होत गेल्या आणि त्यांच्या कडांचा धूर वर येऊन आत वळू लागला, गुंडाळीसारखा. अलीकडची गुंडाळी एका अंगाने फिरत होती, पलीकडची उलट्या अंगाने. वर निळं आकाश, खाली पांढरा धूर, आणि मध्ये कोणीही नाही.

बापूंना शब्द त्यांच्या धंद्यातला सुचला. "आयला. सऱ्या पाडल्या की."

"हो. नांगराशिवाय."

"आन् आपण तितं खाली गेलो असतो तर?"

"तर आपणही त्यातच पेरले गेलो असतो," सुलभाताई म्हणाल्या.

कॅप्टनने विमान वारा येत होता त्या बाजूला वळवलं आणि वर चढवायला सुरुवात केली. सऱ्या वाऱ्याबरोबर आमच्यापासून दूर सरकतील, दोन मिनिटं घिरट्या घालू, मोडल्या की पुढे जाऊ, असं त्यांनी सांगितलं. बेत बरोबर होता. पण लोणीवर वारा नक्की कुठून आहे हे त्या क्षणी वाऱ्यालाही माहीत नसावं. जवळची सरी आमच्याकडे थोडी कलली.

उजवा पंख खाली गेला. हळू नाही, कोणीतरी ओढल्यासारखा. माझ्या खिडकीत आकाशाच्या जागी धूर आला. कॅप्टनचे हात डावीकडे वळले आणि तिथेच दाबून राहिले. भडंगाची पिशवी उठली, उघडली आणि आतला माल छताला भेटून आमच्या सगळ्यांच्या अंगावर आला. सुलभाताईंनी खोका मांडीवरून उचलून हवेत धरला होता. विमान कलत होतं आणि त्या खोका सपाट ठेवत होत्या. लग्नाच्या पंगतीत गर्दीतून कोणी आमटीचं पातेलं नेतं, तसा.

मग पंख वर आला. सगळं पूर्वीसारखं झालं. इंजिनाचा आवाज तोच होता. तो मधल्या काळात बंद पडला होता असं मला वाटलं होतं. भीतीबद्दल विचारणाऱ्यांना मी हा परिच्छेद वाचायला सांगते.

"संपलं," कॅप्टन म्हणाल्या. "हा नुसता पदर लागला."

बापूंच्या केसांत शेंगदाणे होते. ते म्हणाले, "मॅडम, आता तुमी म्हनाल तसं."

उजनी

पुढचा प्रवास भडंग वेचण्यात गेला. मिरचीचा तुकडा बापूंच्या कॉलरमध्ये सापडला. लसणाचा वास सोलापूरपर्यंत पुरला. उजनीच्या पाण्यावर सूर्य पडला होता आणि भिगवणच्या बाजूला उथळ पाण्यात गुलाबी ठिपके दिसत होते. ते रोहित पक्षी असावेत असं मी म्हटलं. एरवी सुलभाताईंनी मान वर केली असती. त्या खोक्याच्या झाकणाकडे पाहत होत्या.

"उघडून बघा की ताई," बापू म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडा अपराध होता.

"नको."

"काय तुटलं असंल तर कळंल तरी."

"अहो, तुटलं असेल तर सोलापुरातही तुटलेलंच असेल. तोवर मला अखंड नेऊ द्या."

त्यांनी खोका हलवून आवाजही ऐकला नाही. तो मोह मला दोनदा झाला. कॅप्टनने मात्र एकदाच मागे वळून विचारलं, "काकू, मी अजून थोडी आधी वळले असते तर बरं झालं असतं, नाही?"

"वळलात ना. आमच्या पेठेत माणसं ठोकर लागल्यावरसुद्धा वळत नाहीत."

सोलापूरला उतरल्या उतरल्या बापूंचा फोन वाजला. लोणीहून पुतण्या होता. त्याचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "बापू, दिसलो का आमी? चादर हालवत हुतो!"

बापूंनी कॅप्टनकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "दिसला की. समदे दिसले. झ्याक दिसत हुता." फोन ठेवून त्यांनी केसांतला आणखी एक शेंगदाणा काढला आणि खाल्ला.

सोलापूर

विहीणबाईंच्या घरी आम्ही पोहोचलो तेव्हा जेवणाची ताटं मांडलेली होती: कडक भाकरी, शेंगांची चटणी, दही आणि गुळाची पोळी. पुण्यात चटणी ताटाच्या डाव्या कोपऱ्यात नाममात्र असते. सोलापुरात ती डोंगरासारखी वाढतात आणि वर तेलाचं तळं करतात. बापू आणि कॅप्टन लगेच बसले. सुलभाताई बसल्या नाहीत. महानंदाबाईही बसल्या नाहीत. उंच, भारदस्त, नाकात खड्याची मोरणी, हात पदराला पुसत त्या बाहेर आल्या होत्या.

"या विहीणबाई. विमानानं आला म्हणे." त्यांनी खोक्याकडे पाहिलं. "आणली का साखर?"

सुलभाताईंनी खोका दिवाणावर ठेवला. झाकण उघडलं. त्यांनी कापसाचा वरचा थर बाजूला केला. मी वार्ताहराच्या सवयीने आधी तळ पाहिला. पूड नव्हती. मुकुट धड होता. बाजूबंद धड, हार धड, बासरी सरळ. काटा न् काटा उभा होता. लोणीवर सगळे जण एका अंगावर पडले होते, दागिने सोडून.

सुलभाताई एक पाऊल मागे सरकल्या. काम झालं असं त्यांना वाटलं, आणि त्या क्षणापुरतं ते बरोबर होतं.

महानंदाबाई वाकल्या. चष्मा लावला. मुकुट उचलला, उजेडात धरला, सगळ्या बाजूंनी फिरवला. बोटाने एक काटा चाचपला. मग दुसरा. खोलीत फक्त बापूंची भाकरी मोडल्याचा आवाज होता.

"एक पण मोडला नाही ओ," त्या म्हणाल्या.

"नाही."

"एवढ्या लांबून आणलं, वरनं विमानातनं, तरी एक पण नाही?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "प्लॅस्टिकचं आहे का ओ? हल्ली फार छान मिळतं. खऱ्यासारखं."

बापूंचा घास हातात राहिला. कॅप्टनने पाण्याचा पेला खाली ठेवला. सुलभाताईंची मुलगी दारात बाळाला घेऊन उभी होती. तिने डोळे मिटले.

सुलभाताईंनी विहीणबाईंच्या हातातून मुकुट घेतला. बरोबर मध्ये, कपाळावर येतो तिथे, सगळ्यात मोठा, सगळ्यात काटेरी दाणा होता. तो त्यांनी अंगठा आणि बोटात धरला आणि कट्कन तोडला.

"आ करा," त्या म्हणाल्या.

महानंदाबाईंनी तोंड उघडलं, कदाचित आश्चर्यानेच. दाणा आत गेला. त्या चावू लागल्या. सावकाश, सगळ्यांसमोर, जबाबदारीने. सुलभाताई मुकुट छातीशी धरून उभ्या होत्या.

"वेलदोडा जरा जास्त झालाय," महानंदाबाई म्हणाल्या.

"असेल."

"पण नीट कळलं नाही. घाईत गिळलं." त्यांनी तळहात पुढे केला. "अजून एक द्या बघू."

सुलभाताईंनी दुसरा दिला. मग तिसरा न मागता दिला. चौथ्या वेळी महानंदाबाईंनी तो तोंडात न टाकता सुलभाताईंच्याच तोंडाशी नेला, आणि त्यांनी तो खाल्ला.

संध्याकाळी बाळाला पाटावर बसवलं तेव्हा मुकुटाच्या मधोमध चांगलं बोटभर खिंडार होतं. फोटो काढणारा पुढे आला. "थांब," महानंदाबाई त्याला म्हणाल्या. त्या खाली बसल्या, बाळाच्या डोक्यावरचा मुकुट दोन्ही हातांनी हलकेच फिरवला, खिंडार मानेकडे नेलं आणि मग काढ म्हणाल्या.